चतुर्थी विभक्तीतले लुगडे

सत्य सांगितले असता एका निरपराध व्यक्तीच्या पायांना फोड येणार असतील, आणि मौन पाळले असता केवळ आपले एक व्याकरणविषयक स्खलन झाकले जाणार असेल, तर विवेकी पुरुषाने कोणता मार्ग स्वीकारावा, याचा स्पष्ट निर्णय मला कोणत्याही धर्मग्रंथात आढळला नाही. ग्रंथकारांनी मोठमोठ्या पातकांचा विचार अतिशय सूक्ष्मपणे केला आहे. परंतु टपालाच्या पार्सलावर पत्ता कसा लिहावा, यासंबंधी त्यांनी काहीच म्हटलेले नाही. १९७६ सालच्या वैशाखात हा प्रश्न नागपुरात माझ्यापुढे उभा राहिला, आणि मी चुकलो. कसा चुकलो, ते क्रमाने सांगतो. वाचकांनी घाई करू नये. घाई मीही केली नव्हती, आणि तरीही सर्व बिघडले.

त्या वर्षी माघात माझ्या घशावर शस्त्रक्रिया झाली. चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाचा आवाज गेला, म्हणजे वीणेच्या तारा काढून तिचा भोपळा तेवढा कोनाड्यात ठेवल्यासारखे होते. एकवीस दिवस माझ्या मुखातून एक वर्ण उमटला नाही. बाविसाव्या दिवशी आमचे कुटुंब, म्हणजे यमुताई, रुग्णालयात माझ्या खाटेशी बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होती. एका नामात तिने ऱ्हस्वाचा दीर्घ केला, आणि मी "ऱ्हस्व" असे म्हणालो. ती पोथी मिटून रडू लागली. मला वाटले, चूक ध्यानात आली म्हणून रडते आहे.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मला दिसले की ती भर दुपारी अनवाणी भाजी आणायला निघाली आहे. मी कारण विचारले.

"नवस बोलले होते," ती म्हणाली.

"कोणाला?"

"वेळंकणीच्या आईला. तुमचा आवाज परत आला तर नऊवारी लुगडं आणि ओटी पाठवीन. आणि ते तिच्यापाशी पोचेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही."

"मला विचारले नाहीस."

"तुम्ही बोलत कुठे होतात?"



ही वेळंकणीची आई आमच्या घरात आली ती फिलोमिनाच्या तोंडून. फिलोमिना ही त्या रुग्णालयातील परिचारिका. मूळची तंजावरकडची, परंतु वडील रेल्वेत असल्याने नागपुरातच वाढलेली, आणि मराठी आमच्या गल्लीतल्यासारखी बोलणारी. रात्रपाळीला ती यमुताईला सांगत असे की, तिकडे वेळंकणीला अगदी समुद्राच्या काठी मरियामातेचे शुभ्र देवालय आहे, आणि तिला आरोग्यमाता म्हणतात. वादळातून वाचलेल्या परदेशी खलाशांनी ते उभारले. आणि त्याही आधी त्या मातेने ताक विकणाऱ्या एका पांगळ्या मुलाकडे आपल्या बाळासाठी ताक मागितले आणि त्याला पाय दिले. मूर्तीला लोक साड्या नेसवतात. सर्व धर्मांचे लोक जातात. हे ऐकून आमच्या कुटुंबाचा निश्चय झाला. जी देवता बाळासाठी ताक मागते आणि लुगडे नेसते, ती परकी नव्हे, हा तिचा युक्तिवाद होता, आणि तो मला आजही निर्दोष वाटतो.

अडचण पायांची होती. यमुताईला मधुमेह. फिलोमिनाने दाखवलेल्या चित्रातल्यासारखे निळे लुगडे, पांढऱ्या काठाचे, नागपूरजवळच्या खाप्याच्या विणकराकडून मागवायचे ठरले, आणि त्या सद्गृहस्थाने "पुढच्या शुक्रवारी" या दोन शब्दांवर अडीच महिने काढले. तोवर चैत्र उलटला. नागपुरातला वैशाख ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, दुपारी रस्त्यावरचे डांबर वितळते आणि सायकलच्या चाकांना चिकटून घरी येते. त्या डांबरावरून ती चालत होती. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि मला बाजूला नेऊन म्हणाले, "आणखी महिनाभर अशाच चालल्या तर अंगठा काढावा लागेल. तेवढ्यावर थांबेल असंही सांगत नाही."

मी तिला परोपरीने विनवले. ती म्हणाली, "लुगडं पोचू द्या."

लुगडे आले त्याच दिवशी शेजारचे भैयाजी आले. भैयाजी रेल्वेच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झालेले. पृथ्वीवरील कोणतीही वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात असेल, तर ती त्यांच्या सल्ल्याने जावी, असे त्यांना वाटे.

"गुरुजी, टपालाने काहून पाठवून राहिले? रेल्वेने टाका. मद्रासले माझा ओळखीचा माणूस हाय."

"टपालाची पोचपावती मिळते," मी म्हणालो.

"मंग पत्ता इंग्रजीत लिहा, मोठ्या अक्षरात. अन् तो सहा आकड्यांचा पिनकोड लिहायले विसरू नका."

फिलोमिनाने इंग्रजीत पत्त्याची चिठ्ठी दिलीच होती. तिच्यात देवालयाचे नाव, जिल्हा, राज्य, पिनकोड, सर्व काही होते. ती चिठ्ठी जशीच्या तशी पार्सलावर चिकटवली असती, तर ही कथा येथेच संपून वाचकांचा वेळ वाचला असता. परंतु एका मातेला तिच्या सहा आकड्यांनी संबोधणे मला प्रशस्त वाटेना. शिवाय 'बॅसिलिका' हा शब्द. दहा-पंधरा वर्षांपूर्वी रोमच्या धर्मगुरूंनी त्या देवालयाला ही पदवी दिली, असे फिलोमिना अभिमानाने सांगे. मी कोश पाहिला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ राजगृह. म्हणजे राजमंदिर. 'वेळंकणी' या शब्दावर मी एक सबंध दुपार घालवली, आणि वेला म्हणजे समुद्रतीर, अर्थात् समुद्रतीरावरील कन्या ती वेलाकन्या, अशी व्युत्पत्ती लावली. ती खरी आहे असा माझा आग्रह नाही. सुंदर होती, एवढेच. जवळचे शहर नागपट्टणम्, त्याचे नागपत्तन व्हायला तर काहीच लागले नाही. आणि दान ज्याला द्यायचे त्याची चतुर्थी, हा नियम मी शेकडो विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला होता. तेव्हा नव्या बोरूने, काळ्या शाईत, पार्सलाच्या मध्यभागी मी लिहिले:

श्रीमत्यै आरोग्यमात्रे, वेलाकन्याराजमन्दिरे, नागपत्तने।

जिल्हा लिहिला नाही. देवतेला जिल्हा नसतो.

खिडकीतल्या कारकुनाने पार्सल उलटेपालटे केले. "हे कुठं जाते जी?"

"जिथे लिहिले आहे तिथे," मी म्हणालो. माझ्या मागे अकरा माणसांची रांग होती. त्याने शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी पोचपावती आली.

हे वाचून आजचा वाचक चकित होईल. परंतु ते दिवस आणीबाणीचे होते. गाड्या वेळेवर धावत, कचेऱ्यांत माणसे खुर्चीवर सापडत, आणि कोणतीही गोष्ट लवकर झाली तर तिचे कारण विचारण्याची पद्धत राहिली नव्हती. यमुताई पट्टी बांधलेला पाय पाटावर ठेवून ओसरीत बसली होती. टपालवाला कार्ड माझ्या हाती देऊन गेला.

"पोचलं?" तिने विचारले.

"पोचले," मी म्हणालो.

तिने दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ कापडी चपला, ज्या महिनाभर कोऱ्याच पडून होत्या, त्या पायांत घातल्या. त्यानंतर मी कार्डावरचा शिक्का वाचला. तो होता 'माता-बाल आरोग्य केंद्र, नागपूर.'

येथे मला सूक्ष्म विवेचन करावे लागेल. मी असत्य बोललो नव्हतो. 'पोचले' या क्रियापदाला स्थळाची अपेक्षा असते, ती मी पूर्ण केली नव्हती, इतकेच. आणि ज्या क्षणी बोललो त्या क्षणी मला काही ठाऊकही नव्हते. परंतु पुढल्या क्षणी ठाऊक झाले, आणि त्या क्षणापासून अकरा दिवस मी गप्प राहिलो. ती घरात चालत होती, चपलांचा मऊ आवाज येत होता, आणि तो माझ्या कानांना ग्वाहीसारखा वाटत होता. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली व म्हणाले, "आता भरेल." मग मी कसे बोलणार? पायांसाठी गप्प आहे असे मी स्वतःला सांगत होतो. त्यातला काही भाग विभक्तीसाठीही होता, हे आज मान्य करतो.

मनात योजना केली की, गुपचूप त्या केंद्रात जावे, पार्सल सोडवावे आणि योग्य पत्त्यावर पाठवावे. परंतु बातमी माझ्याआधी गल्लीत फिरली. तीन दिवसांत मद्रासपलीकडून पोच आली, म्हणजे गुरुजींच्या अक्षरात काहीतरी आहे, असा निष्कर्ष भगिनीमंडळाने काढला. कोणाच्या सुनेला मूल हवे होते, कोणाच्या दिराला नोकरी. आठवडाभरात आमच्या ओसरीत सात पार्सले येऊन पडली.

"गुरुजींनी तेवढा पत्ता लिहून द्यावा," अशी प्रत्येकीची विनंती. "तसाच. संस्कृतात."

मी म्हणालो, मुहूर्त पाहतो. आयुष्यात प्रथमच मुहूर्त या संस्थेचा मला उपयोग झाला.

त्यातच फिलोमिना आली. तिने आनंदाने यमुताईचे हात धरले. "मावशी, मी तिथल्या फादरना पत्र टाकलं आहे. म्हटलं, नागपूरच्या लुगड्यातला आईचा फोटो पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर येईलच."

त्या दुपारी मी छत्री घेऊन बाहेर पडलो.

केंद्रातील लिपिक शालिकराम हा भला माणूस होता. त्याने मला पाणी दिले आणि माझे संपूर्ण निवेदन ऐकून घेतले. त्यातील व्युत्पत्तीचा भाग त्याने विशेष सहनशीलतेने ऐकला.

"ते पार्सल होय का," तो म्हणाला. "त्याच्यावर टपालवाल्यानं निळ्या पेन्सिलीनं लिहून दिलं होतं जी, म्हात्रे, आरोग्य केंद्र. आमच्याकडं म्हात्रेबाई होत्या ना. दोन वर्षांआधी बदली झाली त्याइची."

"ते म्हात्रे नव्हे. मात्रे. मातृ शब्दाची चतुर्थी."

"असंन जी. पण आमच्या इथं म्हात्रेबाईच होत्या."

"आणि नागपत्तन?"

"नागपूरच ना? पट्टण म्हना, पूर म्हना, एकच होय." हे मी स्वतः कितीतरी पिढ्यांना शिकवले होते. "आता बाई नाई, अन् पार्सलले भोक पडून तांदूळ सांडू लागले. उघडून पाहिलं तं लुगडं, खण, खोबऱ्याची वाटी, हळदकुंकू. म्या म्हटलं, ही तं ओटी होय. कोण्या भल्या माणसानं केंद्राले धाडली दिसते. त्या दिवशी एक पोरगी बाळंत झाली होती. माय नाई, बाप नाई, मामानं आणून टाकली होती. तिची ओटी भरायले कोणी आलं नाई. मंग आमच्या आयाबाईनंच भरली तिची. चुकलं का जी?"

मी विचारले, ती आता कुठे असते. मनकर्णा तिचे नाव, सासर खाप्याला.

ज्या गावाहून लुगडे आले होते त्याच गावी मी एस.टी.ने निघालो. कन्हान नदीचे पात्र कोरडे पांढरे पडले होते. हातात वही होती, कारण नाव व घर तीत लिहून घेतले होते. अंगात पांढरा सदरा, धोतर, डोळ्यांवर चष्मा. खाप्यात उतरून मी पहिल्याच ओट्यावर अदबीने विचारले, "या भागात नुकतीच कोणाकडे प्रसूती झाली आहे काय?"

ओट्यावरची माणसे उठून आत गेली. पुढल्या घराचे दार मी पोचण्यापूर्वीच लागले. तिसऱ्या घरातून एक तरुण परसदाराने निघून शेताकडे पळाला. एवढ्या आदराने माझ्यापासून कधी कोणी दूर झाले नव्हते. शेवटी ज्या घराचा पत्ता होता त्या दारात एक वृद्धा उभी राहिली. ही मनकर्णेची सासू, तुळसाबाई.

"आमच्या पोराचं पहिलंच लेकरू होय गा बुवा," ती म्हणाली. "ऑपरेशन नाई करत तो. लिहून घे तुया वहीत."

तेव्हा त्या दिवसांतली नसबंदीची धरपकड माझ्या ध्यानात आली. "बाई, मी कुटुंबनियोजनाचा माणूस नव्हे."

"सारे असंच म्हनतेत."

"मी शाळेत संस्कृत शिकवत होतो."

"मास्तर लोकच तं धरून नेऊन राहिले. मराठीवाला येऊन गेला, गणितवाला येऊन गेला. आता संस्कृतवालेबी लावले का कामाले?"

आयुष्यात माझ्या विषयाची एवढी गंभीर दखल प्रथमच घेतली जात होती, आणि तीही अशी. मी वही छत्रीत लपवली, आणि लुगड्याविषयी आलो आहे असे सांगितले. तिचा चेहरा उतरला. ती बाजूला झाली.

आत कडीला झोळी टांगली होती. निळी, पांढऱ्या काठाची. झोळीत काहीतरी हालत होते. कोपऱ्यात मनकर्णा बसली होती. सतरा-अठरा वर्षांची असेल. तिच्या अंगावर त्याच लुगड्याचा दुसरा अर्धा भाग होता.

"तुमचं होतं का?" ती उभी राहिली. "मले वाटलंच होतं, एवढं चांगलं कोणी मले काहून देईन. नऊवार होतं तं दोन तुकडे केले. आता जुळत नाई ते." ती झोळीकडे गेली. "थांबा जी. पोराले काढतो अन् धुऊन देतो."

तिने हात झोळीत घातला. मी "नको" म्हणालो. मोठ्याने म्हणालो, घशावरचा व्रण दुखला. नंतर काही बोलावे म्हणून म्हणालो, "पत्ता बरोबर होता की नाही, एवढेच पाहायला आलो होतो."

"मंग बरोबर होता का?"

"पाहतो," मी म्हणालो, आणि निघालो. तुळसाबाईने मला गुळाचा खडा आणि पाणी दिले, आणि वेशीपर्यंत येऊन मी खरोखरच गाडीत बसतो की नाही याची खात्री करून घेतली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. यमुताई ओसरीत त्या सात पार्सलांना दोरी बांधत होती. पायांत चपला होत्या. मी उंबऱ्याशीच उभा राहिलो.

"पोचले नाही," मी म्हणालो.

"काय पोचलं नाही?"

मी सर्व सांगितले. म्हात्रेबाई, शालिकराम, झोळी. चतुर्थीही सांगितली. ती दोरीचे टोक हातात धरून ऐकत राहिली. मला वाटले होते की ती रागावेल. मग मी पायांचे कारण पुढे करणार होतो. ते वाक्य गाडीत तयार केले होते.

"काय झालं तिला?" तिने विचारले. "मुलगा की मुलगी?"

तुळसाबाई 'लेकरू' म्हणाली होती, मनकर्णा 'पोर'. परंतु आमच्याकडे पोर म्हणजे काहीही असू शकते. "विचारले नाही."

"लुगडं विचारलंत. बाळ नाही विचारलंत."

"नाही."

"म्हणजे हे अकरा दिवस मी नवस मोडून चालले."

"तो दोष माझा आहे, यमू. माझ्या माथी."

"दोष तुमचा असेल. पाय माझे होते." तिने वाकून एक चप्पल काढली, मग दुसरी. त्या तिने फेकल्या नाहीत. भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. फेकल्या असत्या तर मला बरे वाटले असते. "तिकीट काढा. आता पाठवायचं नाही. जायचं."

"नवे लुगडे घेऊन?"

"एकदा दिलेलं पुन्हा कसं देणार? ते कुणाला दिलं, हे तिला सांगायला जायचं."

डॉक्टर म्हणाले, जाऊ नका. म्हणाले, समुद्राची वाळू भाजते, जखम उघडी पडली तर मी जबाबदार नाही. त्यांनी अंगठा हा शब्द न उच्चारता पाऊल हा शब्द उच्चारला. भैयाजींनी आरक्षण मिळवून दिले. "आणीबाणीत वशिला चालत नाई गुरुजी," ते म्हणाले, "ओळख चालते." त्यांनी सातही पार्सलांवर स्वतः इंग्रजी पत्ते लिहिले आणि पिनकोडाखाली प्रत्येक वेळी दोन रेघा मारल्या, माझ्याकडे पाहत.

नागपूर स्थानकावर मीही वहाणा काढल्या. प्रायश्चित्त म्हणून. फलाटावर दहा पावले चाललो, आणि माझ्या तोंडून जो ध्वनी निघाला तो कोणत्याही व्याकरणात बसत नाही.

"तुमचा नवस आहे का?" यमुताई म्हणाली. "मग घाला वहाणा. दोघांचे पाय गेले तर सामान कोण उचलेल?"

मद्रासला गाडी बदलली. तिथून लहान रुळांची गाडी, मग बस. दुसऱ्या दिवशी रात्रीच तिच्या पट्टीवर डाग दिसू लागला. ती पाय लुगड्याखाली घेऊन बसे, आणि मी न पाहिल्यासारखे करत असे.

वेळंकणीला उतरलो तेव्हा मध्याह्न होता. समोर तो शुभ्र प्रासाद होता. आकाशात दोन टोकदार शिखरे, त्यांवर क्रूस, आणि मागून समुद्राचा अखंड घोष. मुंडन केलेली मुले, मेणबत्त्या घेतलेल्या बाया, गुडघ्यांवर चालत जाणारे वृद्ध. मी हात जोडले. राजमंदिर हा माझा शब्द चुकीचा नव्हता, असे एक क्षण मनात आलेच.

बसपासून देवालयापर्यंत वाळू होती. यमुताईने तीवर पाऊल ठेवले आणि ओठ घट्ट मिटले. चौथ्या पावलाला ती थांबली. पट्टी लाल झाली होती. मी पिशवीत हात घातला, तिथे तिच्या चपला होत्या. मी त्या चोरून आणल्या होत्या. तिने केवळ माझ्याकडे पाहिले. मी हात रिकामा बाहेर काढला, खांद्यावरचे उपरणे उतरवले आणि तिच्यापुढे वाळूवर पसरले.

"हे काय?"

"चाल यावरून."

"ही पळवाट आहे."

"तू पादत्राणे घालणार नाहीस असे बोलली होतीस. हे आस्तरण आहे. पायांत घालत नाहीत ते पादत्राण कसे?"

ती विचारात पडली. मग तिने पाऊल ठेवले. दोन पावले झाली की ती उभी राही, मी मागचे उपरणे ओढून पुढे अंथरी. धोतर आवरत, वाकत, घामाने भिजत, चौतीस वर्षे ज्याच्यापुढे वर्ग उभा राहत असे तो मी त्या वाळूत आपल्या बायकोच्या पायांखालचे वस्त्र मागून पुढे नेत होतो. लोक बाजूला झाले. एका माणसाने आदराने मला तमिळमध्ये काही विचारले. मी मान हलवली. मागे वळून पाहिले तेव्हा त्याने खांद्यावरचा पंचा काढून आपल्या म्हाताऱ्या आईपुढे अंथरला होता, आणि त्याच्यामागे आणखी एक कुटुंब साडी उलगडत होते. हा नागपूरकडचा काही विधी आहे, असा त्यांचा समज झालेला दिसला.

आत एका वृद्ध फादरांना मी गाठले. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदीही येत नव्हती, आणि माझे इंग्रजी १९३२ च्या मॅट्रिकचे होते. तरीही मी सर्व सांगितले. फिलोमिनाचे पत्र त्यांना मिळालेच होते, आणि त्या निळ्या लुगड्याचा शोध घेऊन ते थकले होते. चतुर्थीचा भाग आला तेव्हा ते प्रथमच खुलले. त्यांनी जन्मभर लॅटिन म्हटले होते, आणि लॅटिनमध्येही दानाला एक स्वतंत्र विभक्ती आहे, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, तुमची विभक्ती बरोबर होती, गाव चुकले.

"मग नवस फिटला की नाही?" यमुताईने मला विचारायला लावले.

 नवस बाईंचा आहे, फादर म्हणाले, आणि तो मला केलेला नाही. त्यांनी तिकडे विचारावे. त्यांनी वेदीकडे हात केला.

ती एकटी पुढे गेली. उंचावर मूर्ती होती, कुणाचीतरी सोनेरी काठाची साडी नेसलेली, हातात बाळ. यमुताई कठड्याशी उभी राहिली आणि बोलू लागली. शब्द मला ऐकू येत नव्हते. मनकर्णा हे नाव तेवढे एकदा आले. ती फार वेळ बोलली. तिच्या पायाखालच्या फरशीवर एक लहानसा लाल ठिपका उमटला, आणि मी तो पाहत राहिलो. नाही असे उत्तर आले तर तिला त्याच वाळूवरून, त्याच डांबरावरून, मरेपर्यंत चालावे लागणार होते, आणि मी उपरणे कुठवर पुरवणार होतो? चौतीस वर्षांत मी अनेक परीक्षांचे निकाल लावले. निकालाची वाट पाहणे असे असते, हे मला ठाऊक नव्हते.

ती परत आली.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही." तिने पदर सारखा केला. "नाही असंही म्हणाली नाही."

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. समुद्राचा वारा सुटला होता. तिने माझ्याकडे न पाहताच विचारले, "आणल्यात ना?"

मी चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे ठेवली गेली. तिने त्या नीट केल्या आणि पाय आत सरकवले.

अंगठा राहिला. श्रावणात जखम भरली; नख आले नाही. मधल्या काळात यमुताई स्वतः खाप्याला जाऊन आली. मुलगी होती.

त्या मुलीला दीर्घ आयुष्य लाभो, आणि तिची झोळी कधी रिकामी टांगलेली न राहो. मनकर्णेला, तुळसाबाईला, न मागता एका पोरक्या बाळंतिणीची ओटी भरवणाऱ्या शालिकरामाला आणि त्या आयाबाईला, फिलोमिनेला, लॅटिन जाणणाऱ्या त्या वृद्ध फादरांना, आणि ज्याने निळ्या पेन्सिलीने माझा पत्ता दुरुस्त केला त्या अज्ञात टपालसेवकाला, आरोग्य असो. सर्वांची पावले थंड भूमीवर पडोत.